चालू कर्नल तसाच ठेवून नवा कर्नल कसा वापरून पाहावा?



माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने आमच्या शाळेला नवा लॅपटॉप भेट दिला. छोटासा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. मी लगेच त्यावर लिनक्स मिंट २१.३ टाकलं, म्हणजे लॅबमधल्या बाकीच्या अकरा संगणकांवर जे आहे तेच. सगळं झकास सुरू झालं. आवाज आला, कॅमेरा चालला, फक्त वायफायचं चिन्ह काही दिसेना. नेटची केबल लावावी म्हटलं तर या नव्या बारीक लॅपटॉपांना तेवढं भोकच नसतं! मग दोन आठवडे मी मोबाईल यूएसबी केबलने जोडून नेट वापरलं. त्या दोन आठवड्यांत नववीच्या चाचणीचे गुण त्यात भरले गेले आणि यू-डायससाठी गोळा केलेल्या मुलांच्या माहितीच्या फाईलीही त्यातच आल्या.

तेव्हा सल्ले सुरू झाले. "बाई, फॉरमॅट मारा आणि दुसरं काहीतरी टाका," हा सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला. मला विचाराल तर शाळांमधला निम्मा डेटा चोरापेक्षा या सल्ल्यानेच जास्त गेला असेल.

खरी अडचण लहान होती. त्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकची आरटीएल८८५२बीई ही वायफाय चिप आहे. तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या ६.२ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच मिळू लागला. मिंट २१.३ मात्र ५.१५ कर्नल घेऊन येतं. म्हणजे लॅपटॉप बिघडलेला नव्हता, मिंटही चुकीचं नव्हतं. फक्त आतला कर्नल त्या चिपपेक्षा वयाने मोठा होता, त्याला ही नवी पाहुणी ओळखूच येत नव्हती. अशा वेळी अख्खी सिस्टीम पुसायची गरज नसते. जुना कर्नल जागच्या जागी ठेवून शेजारी नवा बसवता येतो, जमला तर वापरायचा, नाही जमला तर पुढच्या वेळी संगणक सुरू करताना जुना निवडायचा. आजचा पाठ याच कामाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला, तेव्हापासून बरेच पालक घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकण्याबद्दल विचारतात, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी कर्नल म्हणजे काय ते पाहू

वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की एक तरी हात वर होतोच : "बाई, लष्करातला कर्नल का?" नाही बाळांनो. हा कर्नल म्हणजे गाभा, गर. भुईमुगाची शेंग डोळ्यांसमोर आणा. वरचं टरफल म्हणजे इंग्रजीत शेल आणि आतला दाणा म्हणजे कर्नल. युनिक्स परंपरेत हेच दोन शब्द वापरतात. आपण ज्या काळ्या खिडकीत आदेश लिहितो, तिथे आपलं म्हणणं ऐकून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल आणि आत प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा तो कर्नल. (टरफलं म्हटलं की मुलांना लोकमान्य टिळकांची गोष्ट आठवते आणि पाठ पाच मिनिटं भलतीकडे जातो. जाऊ द्यावा. शब्द मात्र त्यामुळे कायमचा लक्षात राहतो.)

प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरी कोणाला किती, डिस्कवर कुठे लिहायचं, कीबोर्ड-वायफाय-प्रिंटर यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे सगळं कर्नल ठरवतो. आपल्याला दिसणारा डेस्कटॉप, ब्राउझर, लिब्रे ऑफिस हे सारे त्याच्याकडे मागणी करणारे. लिनक्स हे खरं तर या कर्नलचंच नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. मिंट, उबुंटू, आपल्या सी-डॅकचं बॉस हे सगळे त्या दाण्याभोवती बांधलेले संसार.

गाभ्यात चूक झाली की काय होतं, हे १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आलं आणि विमानतळांपासून बँकांपर्यंत विंडोजचे संगणक निळा पडदा दाखवून बसले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज सुमारे ८५ लाख संगणकांचा होता. त्या सॉफ्टवेअरचा एक भाग कर्नलच्या आत चालत होता, म्हणून एवढा गोंधळ. ब्राउझर बंद पडला तर ब्राउझरच बंद पडतो. कर्नल पडला तर सगळंच पडतं. म्हणून त्याला हात लावताना मागे वळायची सोय आधी हवी.

दोन कर्नल एका घरात राहतात कसे?

लिनक्समध्ये कर्नल ही शेवटी एक फाईलच आहे. 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये ती असते आणि तिच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. सोबत तेच नाव लावणारी 'इनिटआरडी' फाईल असते, सुरुवातीच्या काही क्षणांत लागणारं सामान त्यात बांधलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे मॉड्यूल्स वेगळ्या फोल्डरमध्ये, तेही आवृत्तीच्या नावाने. त्यामुळे ५.१५ आणि ६.८ एकमेकांच्या फाईलींना धक्का लावत नाहीत. एकाच वर्गात सकाळचं आणि दुपारचं सत्र भरावं तसं आहे हे. खोली तीच, बाकं तीच, फळा तोच. एका वेळी सत्र मात्र एकच चालू.

कोणतं सत्र भरवायचं हे ठरवतो 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्राम. संगणकाचं बटण दाबल्यावर आधी ग्रब जागा होतो, तो कर्नलला उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो.

आता या उदाहरणातली मेख नीट समजून घ्या, कारण धोका तिथेच आहे. खोली एकच आहे. म्हणजे तुमच्या फाईली, फोटो, गुणपत्रकं यांची दुसरी प्रत तयार होत नाही. दोन्ही कर्नल त्याच डिस्कवर, त्याच फाईलींवर लिहितात. नव्या कर्नलमध्ये असताना एखादी फाईल पुसली तर जुन्यात जाऊन ती परत मिळणार नाही. दोन कर्नल म्हणजे बॅकअप नव्हे. मशीन सुरू होण्याची हमी वाढते, डेटाची नाही. म्हणून सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाईली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' असतं, त्याने सिस्टीमचा एक स्नॅपशॉटही घेऊन ठेवा. पण टाइमशिफ्ट आपणहून तुमचं होम फोल्डर त्यात घेत नाही, तिथल्या फाईलींचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. हे न कळल्यामुळे रडकुंडीला आलेले लोक मी पाहिले आहेत.

परतीची वाट आधी चालून पाहा

बहुतेक जण इथे उलटा क्रम लावतात. आधी नवा कर्नल बसवतात आणि तो अडला की मग जुना कसा निवडायचा ते मोबाईलवर शोधत बसतात. तुम्ही काहीही नवं बसवण्याआधीच ग्रबची यादी उघडून पाहा.

मिंट एकटंच असेल तर ग्रब ही यादी दाखवत नाही, थेट पुढे जातो. ती पाहण्यासाठी संगणक सुरू होताना, कंपनीचं चिन्ह दिसतं त्या सुमारास, नव्या म्हणजे यूईएफआय पद्धतीच्या मशीनवर एस्केप दाबायचं. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं. एस्केप एकदाच दाबा. मुलं धडाधड दाबतात आणि मग काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' असं लिहून येतं, घाबरून जायला होतं. तसं झालं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून पुन्हा सुरू करा, बिघडलेलं काही नसतं. यादी आली की दुसरी ओळ दिसेल, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर लिनक्स मिंट'. तिच्यात गेलात की बसवलेले सगळे कर्नल क्रमांकासह दिसतात. प्रत्येकाची एक 'रिकव्हरी मोड' नावाची ओळही असते, तिच्याकडे आत्ता लक्ष देऊ नका.

त्यातला आत्ताचा कर्नल निवडून संगणक सुरू करा. मग टर्मिनलमध्ये 'युनेम' हा आदेश, एक मोकळी जागा, वजाचं चिन्ह आणि लहान लिपीतलं 'आर' असं लिहून एंटर मारा. चालू कर्नलचा पूर्ण क्रमांक येतो. तो कागदावर लिहून घ्या. संगणकातल्या फाईलीत नको, कारण गरज पडेल तेव्हा तो संगणकच बंद असेल!

आमच्या लॅबमध्ये हे काम मी नववीच्या मुलांकडून करून घेते. प्रत्येक जोडीला एक संगणक. यादी उघडायची, क्रमांक वहीत लिहायचा, त्याच कर्नलने सुरू करून दाखवायचं. एक तासिका पुरते. या तासाला कोणी काही नवीन बसवत नाही.

डिस्कवरची जागाही पाहून घ्या. एका कर्नलची मॉड्यूल्स काही शे एमबी घेतात. साध्या इन्स्टॉलेशनमध्ये याची चिंता नसते. पण बसवताना संपूर्ण डिस्क पासवर्डने कुलूपबंद केली असेल तर 'बूट'चं वेगळं लहान पार्टिशन असतं आणि तीन-चार कर्नलांत ते भरू शकतं. अर्धवट लिहिलेली इनिटआरडी घेऊन कर्नल सुरू होत नाही.

नवा कर्नल बसवताना

मिंटमध्ये यासाठी टर्मिनलची गरज नाही. अपडेट मॅनेजर उघडा, वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे. आधी एक सावधगिरीची सूचना येते, ती वाचा आणि पुढे जा. डावीकडे ५.१५, ६.८ अशा मालिका दिसतील. ज्या मालिकेचा आधार संपला आहे तिच्यापुढे तसं लिहिलेलं असतं, ती घेऊ नका. आमच्या कामाला ६.२च्या पुढचं काहीही चाललं असतं, पण आधार चालू असलेली ६.८ होती म्हणून मी ती निवडली. 'इन्स्टॉल' दाबलं, चहा होईपर्यंत काम झालं. नेट अर्थातच मोबाईलच्या केबलवरून.

इंटरनेटवर कुठूनतरी सुटा कर्नल उतरवून बसवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. एक तर त्याला मिंटकडून सुरक्षा अपडेट येत नाहीत. दुसरं म्हणजे लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेल्या कर्नलला ते दारातच अडवतं. अपडेट मॅनेजरमधून येणारे कर्नल सही केलेले असतात.

आणखी एक ठिकाण ठेच लागण्याचं. काही ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाहीत, वेगळे बसवलेले असतात. ग्राफिक्स कार्डाचे कंपनीने दिलेले ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, काही वायफायचे ड्रायव्हर असे. नवा कर्नल आला की त्यांना त्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावं लागतं. 'डीकेएमएस' नावाची सोय हे आपोआप करते, पण ड्रायव्हर फार जुना असेल तर ती हात टेकते. अशा मशीनवर नवा कर्नल म्हणजे काळा पडदा, हे गृहीतच धरा. तशा दोन संगणकांवर मी अजून ५.१५च चालवते.

माझी चूक

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं समजू नका. काही वर्षांपूर्वी शाळेच्या आधीच्या लॅपटॉपवर मी असाच नवा कर्नल टाकला होता. सुरू झाला, डेस्कटॉप आला, नेट चाललं. दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि "झालं की!" म्हणून त्याच संध्याकाळी जुने सगळे कर्नल काढून टाकले. यादीत दोन-तीन नावं कशाला, उगाच गोंधळ, असा माझा विचार.

शनिवारी पालकसभा होती. लॅपटॉपचं झाकण मिटून मी तो हॉलमध्ये नेला, प्रोजेक्टर जोडला, झाकण उघडलं. पडदा काळा. पंख्याचा आवाज येतोय, दिवा लागलाय, पण लॅपटॉप झोपेतून उठेना. बटण दाबून बंद केला, पुन्हा सुरू केला, तर प्रोजेक्टरवर चित्र जाईना. समोर साठ-सत्तर पालक बसलेले. मुख्याध्यापक सर म्हणाले, "राहू द्या मॅडम, तोंडीच सांगा." मी तोंडीच सांगितलं. मुलांनी आठवडाभर खपून केलेलं सादरीकरण मात्र दिसलंच नाही, आणि पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या चार मुलींचे चेहरे मला अजून आठवतात.

जुना कर्नल असता तर दोन मिनिटांचं काम होतं. तो मीच काढलेला. संध्याकाळी घरच्या नेटवरून पुन्हा बसवला, त्याने सुरू केला, तर झोप आणि प्रोजेक्टर दोन्ही जागेवर.

चूक कर्नलची कमी आणि माझी जास्त होती. संगणक सुरू झाला यालाच मी परीक्षा समजले. आपण एखाद्या मुलाला हजेरीत "उपस्थित" म्हटल्यावर पास करतो का?

चाचणी किती दिवस, कशाची?

आता मी नवा कर्नल निदान दोन आठवडे खऱ्या कामाला लावते. तुमच्या मशीनवर जे जे काम होतं ते सगळं एकदा तरी व्हायला हवं : झाकण मिटून उघडणं, प्रोजेक्टर जोडणं आणि काढणं, प्रिंट काढणं, पेनड्राइव्ह लावणं, हेडफोनमधून आवाज, ऑनलाइन सभेत माइक, बॅटरी नेहमीइतकी टिकते का. यातलं झोपेतून उठणं आणि बॅटरी या दोन गोष्टी पहिल्या दिवशी कळतच नाहीत. नवव्या दिवशी कळतात. लॅबमध्ये मुलांनी यासाठी एक तक्ता केला आहे, त्यात तारीख, कर्नलचा क्रमांक, काय केलं आणि काय झालं एवढेच रकाने. बिघाड झाला की तेच काम जुन्या कर्नलमध्ये जाऊन करून पाहायचं. तिथेही बिघडलं तर दोष कर्नलचा नाही, केबल तपासा. बदल एकच आणि बाकी सगळं तेच ठेवायचं, विज्ञानाच्या प्रयोगात आपण शिकवतो तसंच, आणि इथे मुलांना ते लगेच पटतं.

परीक्षा, निकाल, ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख या आठवड्यांत हा उद्योग नको. पालकांनीही दहावी-बारावीच्या मुलाचा प्रवेशअर्ज भरायच्या आदल्या रात्री घरातल्या एकुलत्या एक संगणकावर करू नये.

बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट अशी की ग्रब स्वतःहून सगळ्यात नवा कर्नल निवडतो. म्हणजे तुम्ही 'फक्त वापरून पाहायला' बसवलेला कर्नल दुसऱ्या दिवसापासून आपोआप सगळ्यांसाठी चालू होतो. एकट्याच्या लॅपटॉपवर ठीक आहे. लॅबमध्ये सकाळी सहावीतला मुलगा बटण दाबतो, त्याला यादीबिदी माहीत नसते. अशा ठिकाणी ग्रबच्या सेटिंगमध्ये आपोआप निवडण्याच्या जागी 'सेव्ह्ड' लिहितात, जुना कर्नल कायमचा म्हणून नोंदवतात आणि 'ग्रब-रीबूट' या आदेशाने नवा कर्नल फक्त पुढच्या एका वेळेसाठी मागवतात. अडकला तर बटण दाबून बंद करायचा, पुढच्या वेळी आपोआप जुनाच येतो. हे थोडं पुढचं काम आहे, टर्मिनलची सवय असलेल्या सहकाऱ्याला सोबत घ्या. लिनक्सची मराठीतून ओळख हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले पाठ जरूर पाहा.

गंमत म्हणजे हीच युक्ती तुमच्या खिशातही असू शकते. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक फोनमध्ये सिस्टीमच्या दोन जागा असतात, 'ए' आणि 'बी'. तुम्ही 'ए' वापरत असताना नवं अपडेट गुपचूप 'बी'मध्ये बसतं, त्यात कर्नलही आला. रीस्टार्ट केल्यावर 'बी' नीट उठला नाही तर फोन 'ए'वर परत येतो. मुलांना हे सांगितलं की त्यांना आपण काहीतरी मागासलेलं शिकतोय असं वाटत नाही.

आता आमच्या लॅपटॉपचं. ६.८ ने सुरू केल्याबरोबर वायफायची यादी दिसली, शेजारच्या किराणा दुकानाच्या नेटसकट. दोन आठवड्यांच्या तक्त्यात एकच तक्रार आली, हेडफोन काढल्यावर स्पीकरचा आवाज बंद राहतो. ५.१५ मध्ये जाऊन पाहिलं तर तिथेही तेच, म्हणजे ते प्रकरण वेगळं. गुण आणि यू-डायसच्या फाईली होत्या तिथेच आहेत. अपडेट मॅनेजरच्या त्याच खिडकीतून मधल्या अपडेटचे जास्तीचे कर्नल मी काढले, ५.१५चा एक मात्र राहू दिला आहे. लॅपटॉपच्या तळाला चिकटपट्टीने एक कागद लावलाय. त्यावर नववीतल्या एका मुलीच्या अक्षरात ५.१५चा पूर्ण क्रमांक आहे आणि खाली लिहिलंय : "एस्केप एकदाच."